वास येतो, नाव आठवत नाही

वाइन चाखणे आणि तिच्यातले वास शब्दांत मांडणे याविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळच्या सदरात घेतले आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तिथे ती एकत्र करून मांडली आहे.

प्रश्न : मी अधूनमधून वाइन घेतो आणि ती मला आवडते. पण सोबतची मंडळी पेला नाकाशी नेऊन चेरी, लवंग, तंबाखू, ओला दगड अशी नावे घेऊ लागली की मी गप्प होतो. मला वाइनला वाइनचाच वास येतो. माझे नाक अधू आहे, की ही मंडळी उगाच काहीतरी सांगतात?

उत्तर : आपले नाक बहुधा ठणठणीत आहे आणि ती मंडळीही बहुधा खोटे बोलत नाहीत. अडचण या दोहोंच्या मधल्या जागी आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते.

माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे गंधसंवेदक असतात. ज्या जनुकांपासून ते घडतात त्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एक गंधकण अनेक संवेदकांना चेतवतो आणि एक संवेदक अनेक गंधकणांना दाद देतो. त्यातून जी नक्षी उमटते ती मेंदू अखंड वाचतो. वाइनमध्ये हवेत उडणारी शेकडो द्रव्ये असतात. पण मेंदू त्यांची एकच मोट बांधतो आणि तिच्यावर 'वाइन' अशी चिठ्ठी लावून मोकळा होतो. आपल्याला येतो तो 'वाइनचाच वास' ही मेंदूची चूक नाही, ते त्याचे रोजचे काम आहे. चाखायला शिकायचे म्हणजे ही मोट थोडी सैल करायची, आणि ती पूर्ण सुटत नाही हे सुरुवातीलाच मान्य करायचे. ऑस्ट्रेलियातील संशोधक डेव्हिड लेंग यांनी अनेक वासांची मिश्रणे लोकांना हुंगायला दिली, तेव्हा तीन-चारांपेक्षा अधिक वास वेगळे ओळखणे जवळजवळ कोणालाच जमले नाही. सराव असलेल्यांनाही फारसे नाही. एखादी व्यक्ती एका दमात बारा नावे घेत असेल, तर त्यांतली तीन-चार नाकाची आणि उरलेली स्मरणाची व अपेक्षेची आहेत असे समजावे. तिच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे मात्र कारण नाही.

दुसरी गोष्ट नाव आठवण्याची. डोळे मिटून कोणाला तरी मसाल्याचा एखादा डबा नाकाशी धरायला सांगा. वास रोजच्या ओळखीचा असतो, तो कुठे आला होता हे आठवते, नाव अगदी ओठांवर येते आणि तिथेच अडते. रंगांची नावे आपल्याला लहानपणी चित्रे दाखवून, पुन्हा पुन्हा म्हणवून घेऊन शिकवलेली असतात. वासांची नावे आपल्याला अशी कोणीच शिकवलेली नसतात. मलाय द्वीपकल्पातील जहाय या शिकारी-संग्राहक समाजाची भाषा यासाठी मुद्दाम अभ्यासली गेली. आसिफा माजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की हे लोक वासांना जवळजवळ रंगांइतक्याच सहजपणे नावे देतात, तर इंग्रजी बोलणारे तिथे चाचपडतात. दोघांचीही नाके माणसाचीच आहेत. जहाय लोकांच्या जिभेवर वासांचे शब्द रोज फिरत असतात, एवढा फरक.

२०१६ मधील आणखी एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यात वाइनच्या जाणकारांनी वाइनचे वास नवशिक्यांपेक्षा अधिक एकवाक्यतेने सांगितले. पण त्याच जाणकारांपुढे कॉफी ठेवली तेव्हा त्यांचे हे वरचढपण दिसले नाही. म्हणजे त्यांचे नाक सर्वत्र तीक्ष्ण झालेले नव्हते. वाइनच्या वासापासून शब्दापर्यंतची एक वाट तेवढी पायाखालून मळली होती. ही वाट आपल्यालाही मळता येईल.

सुरुवात अशी करावी. एकच वाइन एकटी कधीही हुंगू नये, दोन पेले शेजारी शेजारी ठेवावेत. उदाहरणार्थ, दोन पांढऱ्या वाइन : डावीकडे सोव्हिन्यों ब्लाँ आणि उजवीकडे ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली शार्डने. दोन्हींचे तापमान सारखे असावे. मग 'यात कोणता वास आहे?' असे स्वतःला विचारू नये, कारण त्या प्रश्नापुढे मन कोरे होते. 'डावीकडे असे काय आहे, जे उजवीकडे नाही?' असे विचारावे. ज्याने आयुष्यात कधी वाइनचे वर्णन केलेले नाही तोही दोन-तीन खेपांनंतर सांगू लागतो की डावीकडची अधिक तरतरीत आहे, तिच्यात काहीतरी हिरवे आहे, आणि उजवीकडची जड, लोण्यासारखी आहे. हे आपले पहिले शब्द. ते ढोबळ असले तरी आपल्या नाकाने दिलेले आहेत, आणि ऐकून म्हटलेल्या 'चेरी'पेक्षा त्यांची किंमत पुष्कळ जास्त आहे.

प्रश्न : वाइन केवळ द्राक्षांपासून होते. मग तिच्यात मिरी, गुलाब, लोणी, व्हॅनिला यांचे वास कुठून येतात? ते पदार्थ वरून घालतात का?

उत्तर : नाही. आणि 'मिरीसारखा वास' ही नुसती उपमा असते असेही समजू नये. बऱ्याचदा त्या पदार्थातले आणि वाइनमधले गंधद्रव्य अक्षरशः एकच असते.

मिरीचेच उदाहरण घेते, कारण तिथे माझे स्वतःचे नाक प्रथम उघडले. शिकण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत सिराह जातीच्या द्राक्षांच्या वाइनचा पेला माझ्यापुढे होता. 'यात मिरी आहे' असे मला सांगण्यात आले होते आणि मला ती काही केल्या सापडत नव्हती. शेवटी मी चार मिरे खलबत्त्यात जेमतेम ठेचले, वाटीत घेतले, आणि एकदा वाटी, एकदा पेला असे आळीपाळीने हुंगत राहिले. पहिल्या दोन खेपांना वाटीत मिरी आणि पेल्यात वाइन, एवढेच. चौथ्या खेपेला पेल्यातल्या काळसर फळांच्या वासामागून एक कोरडी, नाकाच्या शेंड्याला टोचणारी रेघ वर आली. मी वाटी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली आणि परत येऊन पाहिले, तरी ती रेघ तिथेच होती. तेव्हापासून तसल्या वाइनमध्ये ती मला शोधावी लागत नाही.

या वासाच्या द्रव्याचे नाव रोटंडोन. मिऱ्यांचा 'मिरेपणा' आणि सिराहमधला तो वास यांच्यामागे हेच द्रव्य आहे, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. तांबड्या वाइनच्या एका लिटरात १६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे १६ अब्जांश, एवढे रोटंडोनही नाकाला कळते. त्याच संशोधनात असेही आढळले की सुमारे २० टक्के लोकांना पाण्यातले रोटंडोन कितीतरी पट वाढवूनही जाणवत नाही. मिरीची वाटी शेजारी ठेवून पंधरा दिवस प्रयत्न केल्यावरही आपल्याला सिराहमध्ये काही सापडले नाही, तर आपण त्या पाचातले एक असू शकता. तिथे सराव उपयोगी पडत नाही आणि वाईट वाटून घेण्याचेही कारण नाही. व्हायोलेटच्या फुलांचा वास देणाऱ्या बीटा-आयोनोनच्या बाबतीतही असेच आहे. एका जनुकातल्या फरकामुळे तो काहींना स्पष्ट येतो आणि काहींना जवळजवळ येत नाही.

आता बाकीचे. काही वास द्राक्षातूनच येतात. काबर्ने सोव्हिन्यों आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांच्यातला ढोबळी मिरचीचा वास मेथॉक्सिपायराझिन गटातील द्रव्यांचा असतो. तीच द्रव्ये ढोबळी मिरचीत असतात, आणि द्राक्षे पिकत जातात, त्यांना ऊन मिळते, तशी ती कमी होतात. मस्कत जातीच्या द्राक्षांत लिनालूल आणि जिरॅनिऑल ही फुलांच्या वासाची द्रव्ये असतात. गेवुर्ट्झट्रामिनर या वाइनमध्ये गुलाब आणि लिची एकदमच का आठवतात, याचेही उत्तर साधे आहे. रोझ ऑक्साइड हे द्रव्य या तिन्हींमध्ये असते.

काही वास आंबवताना तयार होतात. सोव्हिन्यों ब्लाँचा नुसता रस हुंगला तर पॅशनफ्रूट किंवा ग्रेपफ्रूटचा वास फारसा येत नाही. द्राक्षात ही गंधकयुक्त द्रव्ये दुसऱ्या रेणूंना बांधलेली, म्हणून वासहीन असतात, आणि यीस्ट, म्हणजे रस आंबवणारी सूक्ष्म बुरशी, ती बंधने तोडते तेव्हा वास मोकळा होतो. कोवळ्या, ताज्या वाइनमधला केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा असतो, तोही यीस्टच्याच कामातून येतो. पुढे काही वाइनमध्ये जिवाणू मॅलिक आम्लाचे रूपांतर सौम्य अशा लॅक्टिक आम्लात करतात. या घडामोडीत डायअॅसिटिल तयार होते आणि लोण्याचा वास येतो. लोण्यातही तेच असते. व्हॅनिला, लवंग आणि खोबऱ्याचे वास बहुतेकदा ओकच्या पिंपांतून उतरतात. व्हॅनिलिन आणि लवंगेतले युजेनॉल त्या लाकडात असते, आणि खोबऱ्याची आठवण देणारे लॅक्टोन अमेरिकी ओकमध्ये विशेष असते.

उरले ते मुरण्यातून येणारे वास. रीसलिंग ही पांढरी वाइन जुनी होत जाते तशी तिच्यात रॉकेलची छटा येते, आणि ती ओळखू येऊ लागली की आवडूही लागते. हवेच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे मुरवलेल्या शेरीच्या काही प्रकारांत आणि फ्रान्समधील जुरा प्रांतातल्या पिवळ्या वाइनमध्ये सोटोलोन नावाचे द्रव्य असते. ते मेथीदाण्यांचे मुख्य गंधद्रव्य आहे. जुराची वाइन हुंगताना मेथीची आठवण झाली तर ती बेधडक बोलून दाखवावी, आपण अगदी बरोबर आहात.

प्रश्न : वास घेण्याची योग्य पद्धत कोणती? पेला फिरवण्याला खरोखर अर्थ आहे का?

उत्तर : आहे. फिरवल्याने द्रवाचा पातळ थर पेल्याच्या आतल्या बाजूला पसरतो, हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि वास अधिक प्रमाणात सुटतो. पण पहिला वास न फिरवता घ्यावा. सर्वांत हलकी, चटकन उडून जाणारी द्रव्ये तेव्हाच भेटतात आणि बिघडलेल्या वाइनचा पहिला इशाराही बरेचदा तिथेच मिळतो. मग दोन-तीन वेळा फिरवून पुन्हा घ्यावा. छाती भरून एकच दीर्घ श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे हुंगे अधिक सांगून जातात, कारण नाक सतत येणाऱ्या वासाला काही क्षणांतच सरावते आणि तो वास विरल्यासारखा वाटतो. असे झाले की पेला बाजूला ठेवावा, स्वतःच्या बाहीचा किंवा मनगटाचा वास घ्यावा, अर्धा मिनिट थांबावे. मध्येच कॉफीच्या बिया हुंगण्याची जी रीत सांगतात तिच्यात काही विशेष नाही. साधी हवा तेवढेच काम करते.

पेला तोंडाशी अरुंद होत जाणारा असावा. चाखण्याच्या पेल्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७७ पासून आहे. त्या पेल्यात एकूण सुमारे २१५ मिलिलिटर मावतात, पण वाइन घालायची ती ५० मिलिलिटरच. बाकीची जागा वासासाठी मोकळी सोडायची. काठोकाठ भरलेल्या पेल्यातून वास शोधणे व्यर्थ आहे. पांढरी वाइन साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस आणि तांबडी १५ ते १८ अंशांवर ठीक असते. फार थंड वाइन मुकी होते आणि फार गरम झालेली केवळ अल्कोहोलचा भपका देते. आणि अत्तर लावून चाखायला बसू नये, ही विनंती आपल्यासाठी जितकी आहे तितकीच शेजारी बसणाऱ्यासाठी.

प्रश्न : जाणकार वाइन तोंडात घेऊन, हवा ओढून, चूळ भरल्यासारखे करतात आणि थुंकून टाकतात. न गिळता चव कशी कळते? शिवाय जिभेच्या शेंड्याला गोड आणि मागे कडू कळते, हे खरे का?

उत्तर : जिभेचा तो नकाशा चुकीचा आहे. १९०१ मधल्या एका जर्मन संशोधनाचा पुढे विपर्यास झाला आणि तो पाठ्यपुस्तकांत घुसून बसला. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांस-मशरूमसारखी रुचकर चव) या चवी जिभेच्या सर्व चव कळणाऱ्या भागांत कळतात; संवेदनशीलतेत थोडाफार फरक असतो, इतकेच.

न गिळता चव कशी कळते, हे सांगण्यापूर्वी एक प्रयोग करायला सुचवते, कारण तो करून पाहिल्यावर पुढचे सारे आपोआप उमगते. नाक चिमटीत घट्ट धरावे आणि वाइनचा छोटा घोट तोंडात घ्यावा. तो सावकाश घोळवावा. आंबटपणा कळेल, थोडा गोडवा किंवा कडवटपणा कळेल, अल्कोहोलची ऊब जाणवेल, तांबडी असेल तर हिरड्या आणि गालाची आतली बाजू आवळून आल्यासारखी वाटेल. फळ, फूल, मसाला यांचा मात्र मागमूस नसेल. आता घोट तोंडातच ठेवून चिमटी सोडावी आणि नाकाने श्वास बाहेर टाकावा. अंधाऱ्या खोलीत दिवा लागावा तसे सारे एकदम उजळते. हे वास नाकपुडीतून आत आलेले नाहीत. तोंडातून, घशामागच्या वाटेने ते वर चढले आहेत. आपण ज्याला 'चव' म्हणतो त्यातला मोठा भाग असा मागच्या दाराने आलेला वास असतो. हवा ओढणे, चूळ भरल्यासारखे खळखळवणे, हे सारे त्या मागच्या वाटेला भरपूर वाफ मिळावी म्हणून. त्यानंतर थुंकले तरी नाकाने सोडलेल्या श्वासातून वास पोहोचतोच. थुंकण्याचे कारण सरळ आहे. अल्कोहोल प्रथम लक्ष सैल करते आणि इथे सारे भांडवल लक्षाचेच आहे. आपणही शिकताना थुंकावे. त्यात अशिष्ट काही नाही.

तांबड्या वाइनचा तुरटपणा मुळात स्पर्श आहे. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरणारे तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे, खरखरीत वाटते. मराठी वाचक इथे एक पाऊल पुढे आहे, कारण 'तुरट' हा शब्द आपल्या तोंडी पहिल्यापासून आहे. म्हणून 'तुरट आहे' एवढ्यावर न थांबता तो कुठे जाणवतो, जिभेवर की हिरड्यांवर, मखमलीसारखा मऊ आहे की कच्च्या फळासारखा ओढून धरणारा, हे पाहावे.

प्रश्न : वर्णनांत ब्लॅककरंट, गूजबेरी, एल्डरफ्लॉवर अशी नावे येतात. मी ही फळे-फुले कधी हुंगलेलीच नाहीत. मग ती नावे पाठ करावीत का? मराठीत हे वर्णन करता येईल का?

उत्तर : पाठ मुळीच करू नयेत. न हुंगलेल्या वस्तूचे नाव हे चलनात नसलेल्या नाण्यासारखे आहे. ते खिशात असते, पण त्याने काही घेता येत नाही. भाषांतराचा आधार तर त्याहून फसवा. गूजबेरीसाठी कोशात आवळा दिसला तरी ती झाडे निराळी आणि वासही निराळे. ब्लॅककरंट म्हणजे काळ्या मनुका नव्हेत. मनुका द्राक्षांच्या असतात, ब्लॅककरंट हे स्वतंत्र झुडपाचे फळ आहे. या घोळात पडण्यापेक्षा पेल्यातला वास आपल्या ओळखीच्या कोणत्या वस्तूजवळ नेतो, तेच लिहावे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत अॅन नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये वाइनच्या वासांचे एक चक्र प्रसिद्ध केले. त्याच्या मध्यभागी 'फळ', 'फूल', 'मसाला', 'लाकूड', 'माती' असे मोठे गट, त्यापुढे लहान गट आणि कडेला नेमकी वस्तू. फळ, मग लिंबूवर्गीय फळ, मग ग्रेपफ्रूट. मला या चक्रातली दोन तत्त्वे फार पटतात. एक म्हणजे 'उमदी', 'डौलदार', 'संतुलित' असले शब्द त्यात नाहीत, कारण त्यांतून वास कळत नाही, बोलणाऱ्याची पसंती कळते. दुसरे म्हणजे प्रत्येक शब्दामागे प्रत्यक्ष हुंगता येईल असा नमुना ठेवण्याचा आग्रह. साध्या, फारसा वास नसलेल्या वाइनमध्ये तो पदार्थ किंचित घालून नमुना तयार करायचा. हे घरीही जमते. अशा वाइनचे चार पेले घ्यावेत. एकात एक लवंग, दुसऱ्यात ढोबळी मिरचीचा नखाएवढा तुकडा, तिसऱ्यात लिंबाच्या सालीची चकती टाकावी आणि चौथा तसाच ठेवावा. बशा झाकून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, पदार्थ काढून टाकावेत आणि कोणाकडून तरी पेल्यांची अदलाबदल करून घेऊन ओळखावेत. वाइनच्या वासात मिसळलेली लवंग डब्यातल्या लवंगेसारखी भेटत नाही, हे या प्रयोगात जितके स्पष्ट कळते तितके वाचून कळत नाही.

मराठीचे म्हणाल, तर आपली भाषा या बाबतीत गरीब नाही. 'खमंग', 'कुबट', 'करपट', 'धुरकट', 'मातकट', 'हिरवट', 'आंबूस', 'उग्र' हे शब्द पाहा. यांतला 'खमंग' कोणत्याही एका पदार्थाला बांधलेला नाही. तो भाजण्या-तळण्यातून येणारी वासाची एक जात सांगतो. आतून भाजलेल्या पिंपात मुरलेल्या वाइनला 'खमंग' हा शब्द जसा बसतो तसा तयार शब्द पुष्कळ भाषांना शोधावा लागेल. ढोबळी मिरचीसारख्या मेथॉक्सिपायराझिनच्या वासाला 'हिरवट', जास्त भाजलेल्या पिंपाच्या वासाला 'धुरकट', बिघडलेल्या बुचाच्या वासाला 'कुबट' असे बिनधास्त म्हणावे. माझी एवढीच सूचना आहे की आधी हा जातिवाचक शब्द लिहावा आणि जमल्यास पुढे वस्तूचे नाव. 'हिरवट, ढोबळी मिरची, की कापलेले गवत?' अशी नोंद प्रश्नचिन्हासकट उत्तम आहे.

प्रश्न : बाटलीवरचे वर्णन वाचले की मला तेच वास येऊ लागतात. हे खरे वास की मनाचे खेळ?

उत्तर : मनाचा वाटा मोठा असतो, आणि तज्ज्ञही त्यातून सुटत नाहीत. बोर्डो येथे झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन आणि तीच वाइन वासहीन तांबडा रंग घालून दिली गेली. रंगवलेल्या पेल्याचे वर्णन करताना त्यांनी तांबड्या वाइनसाठी वापरले जाणारे शब्द वापरले. डोळ्यांनी सांगितले आणि नाकाने मान डोलावली.

म्हणून वर्णन नंतर वाचावे. शक्य असेल तेव्हा बाटल्या कागदात गुंडाळून दुसऱ्याकडून ओतून घ्याव्यात. स्वतःची खरी परीक्षा घ्यायची असेल तर तीन पेल्यांची चाचणी करावी. दोन पेल्यांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला कोणता ते डोळे मिटून सांगायचे. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतेच, तेव्हा एका यशावर विसंबू नये. सहापैकी किमान पाच वेळा जमले तर मानावे, कारण केवळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी असते.

प्रश्न : एकदा एका बाटलीला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. यजमान म्हणाले, ही या वाइनची खासियत आहे. मी गप्प राहिले. माझे चुकले का?

उत्तर : आपले नाक चुकले नव्हते. ओला पुठ्ठा, बंद तळघर, कुबट फडके असा वास आणि त्याच वेळी फळांचा वास हरवलेला, ही ट्रायक्लोरोअॅनिसोल या द्रव्याची खूण आहे. ते बहुतेकदा नैसर्गिक बुचातून येते आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅमही पुरतात. ते नाकातल्या पेशींचा गंधसंदेशच दडपते, असे २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले आहे. म्हणूनच फिकट दोष असलेली बाटली कुबट वाटण्याऐवजी नुसती निर्जीव वाटते. ती अपायकारक नसते, पण हवा दिल्याने सुधारतही नाही. याउलट सडक्या अंड्याचा किंवा नुकत्याच विझलेल्या काडीचा वास पेला जोराने फिरवल्यावर पुष्कळदा निघून जातो. नखांचा रंग पुसण्याच्या द्रवाचा वास मात्र जात नाही. तो इथाइल अॅसिटेटचा असतो.

पुढच्या वेळी 'मला ही जरा कुबट वाटते, दुसरी उघडून ताडून पाहू या का?' असे विचारावे. दोन पेले शेजारी आले की वाद उरत नाही.

प्रश्न : माझे वय ६४ आहे आणि मी मद्य जवळजवळ घेत नाही. तरी वास ओळखायला शिकता येईल का?

उत्तर : जरूर येईल. वयाबरोबर वासाची संवेदना मंदावते हे खरे, पण नावे जोडण्याची कला वयावर तितकीशी अवलंबून नाही, आणि तिचा बराचसा अभ्यास वाइनशिवाय होतो. ज्यांची गंधसंवेदना कमी झाली होती अशा रुग्णांना जर्मनीतील थॉमस हुमेल यांनी गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायला दिले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सराव करणाऱ्यांची संवेदना सुधारलेली आढळली. आपण हेच चार वास घेऊन, डोळे मिटून, प्रत्येकाशी पंधरा-वीस सेकंद थांबून सुरुवात करू शकता. वास अचानक येईनासा झाला असेल तर मात्र आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : मी चाखलेल्या वाइनच्या नोंदी ठेवते, पण नंतर वाचल्यावर सगळ्या सारख्याच वाटतात. नोंद कशी लिहावी?

उत्तर : आधी हुंगावे, चाखावे आणि निदान दोन मिनिटे काहीच लिहू नये. १९९६ मधल्या एका अभ्यासात असे दिसले की जे लोक नियमित वाइन पितात पण ज्यांच्याकडे तिची परिभाषा नाही, त्यांनी चाखल्याबरोबर शब्दांत वर्णन केले तर तीच वाइन पुन्हा ओळखण्यात ते अधिक चुकले; प्रशिक्षित चाखणाऱ्यांचे तसे नुकसान झाले नाही. अपुरा शब्द वासाच्या आठवणीवर बसतो आणि तिला झाकून टाकतो. त्यामुळे वासाशी थोडे एकटे राहून मगच लेखणी उचलावी.

तीन-चारच वास लिहावेत. ते कोणत्या क्रमाने आले, पेला फिरवण्यापूर्वी की नंतर, तोंडात घेतल्यावर कोणता नव्याने आला, हे नोंदवावे. आपण पाठवलेल्या वहीच्या पानावरची 'छान, फळांचा वास, मऊ' ही नोंद पाहिली. त्याच जातीची वाइन पुन्हा उघडाल तेव्हा नोंद साधारण अशी करून पाहा : 'न फिरवता : हिरवट, तरतरीत. फिरवल्यावर : लिंबाची साल, मागे आणखी एक वास, नाव सापडत नाही, शाळेच्या नव्या वहीसारखा. तोंडात : आंबटपणा जिभेच्या कडांना, नाकाने श्वास सोडल्यावर पुन्हा साल, थोडी कडवट. अर्ध्या तासाने, पेला उबदार झाल्यावर : हिरवटपणा कमी, पिकलेले काहीतरी.' 'नव्या वहीसारखा' हे शब्द खोडू नयेत. एखाद्या दिवशी भलत्याच वेळी, भलत्याच जागी तो वास पुन्हा समोर येईल आणि त्याचे नाव सापडेल. ते त्या ओळीपुढे लिहून ठेवण्यासाठी पानाला समास सोडावा.